फाइल-सेवांचे स्थलांतर आणि सहवास : नेटवेअरच्या इतिहासावरून काही विचार

१

एखाद्या संस्थेचे दप्तर एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात हलवावयाचे झाले, तर रुमाल बांधणे, ते गाडीत घालणे आणि नव्या फडताळात रचणे एवढेच काम आहे, असे बाहेरच्या माणसास वाटते. दप्तरदारास मात्र ठाऊक असते की, रुमाल पोचले म्हणजे दप्तर पोचले असे होत नाही. कोणता रुमाल कोणत्या नावाने मागावयाचा, तो कोणी उघडावयाचा आणि कोणी उघडावयाचा नाही, एकाच्या हाती तो असताना दुसऱ्याने थांबावयाचे की नाही, हे सारे संकेतही कागदांबरोबर पोचावे लागतात. ते वाटेत गळाले, तर कागद शाबूत असूनही दप्तर मोडले, असेच म्हणावे लागते.

संगणकांच्या जाळ्यावरून फाइली पुरविणाऱ्या सेवांचा गेल्या चार दशकांचा इतिहास तपासला, तर हीच गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. मोठ्या संस्थांच्या सर्व्हरांवरील फाइल-सेवा या काळात अनेकदा बदलल्या. या घडामोडींचे वर्णन करताना ‘स्थलांतर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. जुने सोडून नव्यात जाणे, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु प्रत्यक्षात अशी निर्भेळ स्थलांतरे क्वचितच झाली. बहुतेक ठिकाणी जुनी सेवा आणि नवी सेवा वर्षानुवर्षे शेजारी नांदल्या, आणि पुष्कळदा एकाच सर्व्हरावर, एकाच फाइलीसाठी दोन-तीन निरनिराळे शिष्टाचार एकाच वेळी बोलले गेले. भाषांच्या इतिहासातही असेच घडते. एका पिढीने एक भाषा टाकून दुसरी घेतली असे पुस्तकात एका ओळीत लिहिता येते, पण त्या ओळीमागे द्वैभाषिकांच्या कित्येक पिढ्या उभ्या असतात.

नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या प्रणालीचा उदय, तिचा विस्तार आणि लिनक्सवर झालेले तिचे रूपांतर हे या प्रक्रियेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण होय. त्याच्या आधारे फाइल-सेवांच्या स्थलांतरात नेमके काय हलते, काय मागे राहते आणि सहवास का अटळ ठरतो, याचा येथे विचार केला आहे.

२

१९८० च्या सुमारास लहान संगणक कचेऱ्यांत येऊ लागले, तेव्हा हार्ड डिस्क ही फार महाग वस्तू होती. साहजिकच एक डिस्क अनेक यंत्रांत वाटून घ्यावी, अशी कल्पना पुढे आली. मात्र आरंभीच्या साधनांत सामायिक होत होती ती डिस्क, फाइल नव्हे. प्रत्येक यंत्र डिस्कवरील आपल्या वाट्याच्या भागाशी थेट व्यवहार करी. दोघांना एकच फाइल हवी असेल, तर त्यांच्यात मध्यस्थी करणारा कोणी नव्हता.

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या नॉव्हेल कंपनीसाठी काम करणाऱ्या तरुणांच्या एका लहान गटाने ही उणीव ओळखली. ड्र्यू मेजर, डेल नायबाउर, काइल पॉवेल आणि मार्क हर्स्ट हे त्या गटातील चौघे. ‘सुपरसेट’ या नावाने तो ओळखला जाई. १९८३ साली त्यांची प्रणाली बाजारात आली. त्याच वर्षी रे नूर्डा यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. या प्रणालीत सामायिक होऊ लागली ती फाइल. टेबलावरचे यंत्र डिस्कला हात लावीत नसे. ‘अमुक फाइलीचा अमुक भाग वाचून द्या’ अशी विनंती ते सर्व्हराकडे पाठवी, आणि ती मान्य करावयाची की नाही हे सर्व्हर ठरवी.

हा फरक वरवर तांत्रिक दिसतो, परंतु इतिहासाच्या दृष्टीने तो मूलगामी आहे. डिस्क वाटून घेण्यात केवळ जागेची वाटणी होती. फाइल मागण्यात संवाद आला, आणि संवाद आला म्हणजे व्याकरण आले. विनंती कोणत्या रूपात करावयाची, उत्तर कोणत्या क्रमाने द्यावयाचे, नकार कसा कळवावयाचा, हे ठरवावे लागले. नेटवेअरच्या या व्याकरणाचे नाव एन.सी.पी., म्हणजे नेटवेअर कोअर प्रोटोकॉल. त्याचे वाहन होते आय.पी.एक्स.; ते झेरॉक्स कंपनीने निर्माण केलेल्या जाळ्याच्या नियमांवरून बेतलेले होते. १९८६ मध्ये २८६ जातीच्या आणि १९८९ मध्ये ३८६ जातीच्या प्रोसेसरांसाठी नेटवेअरच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि १९९० च्या दशकारंभी कचेरीतला फाइल-सर्व्हर म्हणजे नेटवेअर, असे समीकरण पुष्कळ देशांत रूढ झाले.

३

त्याच काळात आणखी दोन शिष्टाचार वेगळ्या परिसरांत वाढत होते. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ च्या सुमारास युनिक्स यंत्रांसाठी एन.एफ.एस. तयार केले, आणि त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे वर्णन मार्च १९८९ मध्ये इंटरनेटच्या दस्तऐवजमालेत १०९४ क्रमांकाने प्रसिद्ध झाले. दुसरीकडे आय.बी.एम. मध्ये बॅरी फायगेनबाउम यांच्या कामातून एस.एम.बी. या शिष्टाचाराचा आरंभ झाला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो आपलासा करून वाढविला आणि १९९३ च्या विंडोज एन.टी. बरोबर तो सर्वदूर पोचला.

या तिघांची प्रकृती मुळातच भिन्न होती. आरंभीचे एन.एफ.एस. हे पत्रव्यवहारासारखे होते. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असे. मागे काय बोलणे झाले हे सर्व्हर लक्षात ठेवीत नसे. त्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला, तरी ग्राहकयंत्राने तेच पत्र पुन्हा धाडले की काम पुढे चाले. एस.एम.बी. हे समोरासमोरच्या संभाषणासारखे होते. कोण आला आहे, त्याने कोणती फाइल उघडली आहे, कोणता भाग अडवून ठेवला आहे, याची स्मृती सर्व्हराजवळ असे. संभाषण तुटले तर ती स्मृतीही तुटे. एन.सी.पी. याच दुसऱ्या जातीचे, पण त्याचा नामव्यवहार आणि अधिकारांची कल्पना सर्वस्वी स्वतःची होती.

माणसाची ओळख पटविण्याच्या रीतीही तीन. नेटवेअर सर्व्हरास नाव आणि सांकेतिक शब्द सांगून प्रवेश घ्यावा लागे. एस.एम.बी. मध्येही सत्रारंभी ओळख द्यावी लागे, पण ती पटविण्याचे गणित निराळे होते. एन.एफ.एस. च्या रूढ प्रकारात तर ग्राहकयंत्र केवळ एक क्रमांक सांगे, आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवी. सर्वजण एकाच विश्वासू परिसरात आहेत, ही त्यामागची धारणा. एका शिष्टाचारात वाढलेल्या फाइली दुसऱ्याकडे नेताना जी संकटे पुढे उभी राहिली, त्यांची मुळे या प्रकृतिभेदात आहेत.

४

हे तीन समाज वेगळे राहिले असते, तर इतिहास सोपा झाला असता. परंतु विद्यापीठे आणि मोठ्या कचेऱ्या यांत एकाच छपराखाली युनिक्स, डॉस आणि मॅकिंटॉश अशी यंत्रे आली आणि दुभाष्यांची गरज भासू लागली. या दुभाष्यांत सर्वांत महत्त्वाचा निघाला तो सांबा.

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करीत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉस यंत्रावरून युनिक्स यंत्रावरील फाइली हव्या होत्या. त्यांनी जाळ्यावरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून त्यांची उकल केली, आणि जानेवारी १९९२ मध्ये आपला सर्व्हर प्रसिद्ध केला. आपण जो शिष्टाचार उलगडला तो एस.एम.बी. आहे, हे त्यांना आरंभी ठाऊकही नव्हते. ‘सांबा’ हे नाव नंतरचे. एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने ज्यांत येतात असे शब्द त्यांनी शब्दसंग्रहात शोधले, आणि त्यांतून हे नृत्याचे नाव निवडले.

या कामाची पद्धत समजावून देताना ट्रिजेल यांनी २००३ साली फ्रेंच उपाहारगृहाचा दृष्टांत दिला. फ्रेंच न येणारा मनुष्य तेथे बसतो, शेजारच्या मेजावरचा गिऱ्हाईक काय उच्चारतो आणि त्यापाठोपाठ ताटात काय येते हे पाहतो, मग स्वतः तसाच उच्चार करून पाहतो, आणि शब्द थोडे बदलून परिणाम तपासतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित नाही. कोश नाही, व्याकरण नाही, दुभाष्या नाही, अशा ठिकाणी क्षेत्रकार्य करणारा संशोधक याच वाटेने जातो. उच्चार आणि परिणाम यांच्या जोड्या जमविणे, एका वेळी एकच घटक बदलणे, आणि बदलाने अर्थ पालटला तरच तो घटक महत्त्वाचा मानणे, ही ध्वनिविचारातील व्यतिरेकाचीच पद्धत होय.

येथून एक गंभीर प्रश्न निर्माण झाला. बोलली जाणारी भाषा ऐकून शिकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु तिचे व्याकरण एकाच घराण्याच्या पेटीत असेल, तर शेजाऱ्याने ते मागावे काय? सन कंपनीने १९९८ मध्ये युरोपीय आयोगाकडे नेमकी ही तक्रार केली. मार्च २००४ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड केला, आणि कचेऱ्यांतील सर्व्हरांना परस्परांशी बोलता यावे यासाठी आवश्यक ती माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी असे फर्माविले. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय बव्हंशी उचलून धरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या करारानुसार एकदाच १०,००० युरो भरून ही कागदपत्रे सांबाच्या लेखकांस उपलब्ध झाली. पंधरा वर्षे कानाने शिकलेल्या भाषेचे लिखित व्याकरण अशा रीतीने हाती आले. डिसेंबर २०१२ मध्ये निघालेल्या सांबाच्या चौथ्या आवृत्तीने मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीची भूमिकाही बजाविली.

५

आता नेटवेअरकडे वळू. त्याच्या अंतर्गत इतिहासातच तीन मोठी स्थलांतरे आहेत, आणि तिन्हींत सहवासाची सोय आधी करावी लागली.

पहिले स्थलांतर १९९३ चे. नेटवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत वापरणाऱ्यांची नोंद प्रत्येक सर्व्हरात स्वतंत्र असे. तिला ‘बाइंडरी’ म्हणत. दहा सर्व्हर असतील, तर एकाच माणसाच्या दहा नोंदी. चौथ्या आवृत्तीने साऱ्या संस्थेसाठी एकच वृक्षाकार नोंदवही आणली. परंतु जुने कार्यक्रम आणि जुनी ग्राहकयंत्रे बाइंडरीखेरीज दुसरे काही जाणत नव्हती. म्हणून नव्या वृक्षाची एखादी शाखा बाइंडरीच्या सोंगात दाखविण्याची व्यवस्था करावी लागली. नव्या मांडणीने जुन्या बोलीत उत्तर देण्याचा हा पहिला प्रसंग होता.

दुसरे स्थलांतर वाहनाचे. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत एन.सी.पी. हे इंटरनेटच्या टी.सी.पी./आय.पी. वरून थेट धावू लागले. तथापि आय.पी.एक्स. वर विसंबलेले कार्यक्रम एका रात्रीत टाकणे अशक्य होते. त्यांच्यासाठी सुसंगतीची एक वेगळी रीत आणि दोन जाळ्यांच्या सीमेवर बसणारा एक मध्यस्थ ठेवावा लागला.

याच दशकात बाहेरून दबाव वाढत होता. विंडोज एन.टी. ने दुहेरी नीती अवलंबिली. तिच्या एका साधनामुळे एन.टी. सर्व्हर नेटवेअरकडून फाइली घेऊन आपल्या ग्राहकांस देई. दुसऱ्या एका साधनामुळे तो स्वतःच नेटवेअर सर्व्हर असल्याची बतावणी करी. आणि तिसरे साधन वापरणाऱ्यांच्या नोंदी व फाइली उचलून नव्या घरी नेई. प्रथम शेजार, मग अनुकरण, आणि शेवटी स्थलांतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मात्र या तिसऱ्या साधनासही एक वस्तू नेता येत नसे, ती म्हणजे सांकेतिक शब्द. तो कोणत्याही शहाण्या सर्व्हरात मूळ रूपात ठेवलेला नसतो. एकमार्गी गणिताने त्याचे रूपांतर केलेले असते, आणि त्या रूपावरून मूळ शब्द काढता येत नाही. म्हणून नव्या घरी सर्वांस रिकामा, किंवा स्वतःच्या नावाइतकाच उघड असा शब्द तात्पुरता द्यावा लागे. जे सर्वांत गुप्त असावयाचे, तेच काही दिवस सर्वांत उघडे पडे.

नेटवेअरने २००१ च्या सहाव्या आवृत्तीत या दबावास उत्तर दिले, ते विंडोज, मॅकिंटॉश आणि युनिक्स या तिघांच्या मायबोली स्वतः बोलून. वापरणाऱ्याच्या यंत्रावर नॉव्हेलचा कार्यक्रम नसला तरी चाले. पण येथेही सांकेतिक शब्दाची तीच अडचण आली. नॉव्हेलच्या नोंदवहीतील शब्दाचे एकमार्गी रूप विंडोजच्या गणितास उपयोगी नव्हते. म्हणून प्रत्येकास ‘साधा’ म्हणून दुसरा सांकेतिक शब्द देणे भाग पडले. २००३ च्या ६.५ या आवृत्तीबरोबर सर्व बोलींना चालेल असा सार्वत्रिक सांकेतिक शब्द आला, तेव्हा ही दुहेरी ओळख संपविण्याचा मार्ग मोकळा झाला.

तिसरे स्थलांतर सर्वांत मोठे, कारण त्यात घराचा पायाच बदलला. नोव्हेंबर २००३ मध्ये नॉव्हेलने सुसे ही लिनक्स कंपनी घेण्याचे जाहीर केले. २००५ मध्ये ओपन एंटरप्राइझ सर्व्हर ही प्रणाली निघाली, ती दोन गाभ्यांसह. तीच सेवा संस्थेने नेटवेअरच्या गाभ्यावर चालवावी किंवा लिनक्सच्या. सर्व्हरांच्या एकाच समूहात दोन्ही गाभ्यांची यंत्रे ठेवता येत, आणि नॉव्हेलच्या एन.एस.एस. या फाइल-रचनेतील साठा एका गाभ्याकडून दुसऱ्याकडे सोपविता येई. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत नेटवेअर हे लिनक्सवर चालणाऱ्या आभासी यंत्रात पाहुणा म्हणून राहू लागले. मार्च २०१० मध्ये नेटवेअरचा सर्वसाधारण आधार संपला, आणि २०११ च्या अखेरीस निघालेल्या आवृत्तीत केवळ लिनक्स उरले. मालक, मग भागीदार, मग पाहुणा, आणि अखेरीस स्मृती, अशा चार पायऱ्यांनी ही प्रणाली निवृत्त झाली.

या काळातील स्थलांतराच्या साधनात दोन रीती होत्या. एका रीतीत अनेक जुन्या सर्व्हरांवरील साठा एका नव्यावर एकत्र केला जाई. दुसऱ्या रीतीत नवा सर्व्हर जुन्याचे नाव, पत्ता आणि ओळखही धारण करी, आणि वापरणाऱ्यांस काही बदलले आहे याची जाणीवही होऊ नये, असा त्यामागील हेतू असे. पहिली रीत वस्ती हलविण्याची होय, दुसरी दत्तक घेण्याची. कारण दत्तकविधानातही माणूस नवा येतो, पण घराण्याचे नाव आणि हक्क चालू राहतात.

६

स्थलांतराची खरी कसोटी अधिकारांच्या भाषांतरात लागते. नेटवेअरमध्ये प्रत्येक फाइलीवर किंवा फोल्डरावर आठ प्रकारचे अधिकार देता येत: देखरेख, वाचन, लेखन, निर्मिती, खोडणे, बदल, यादी पाहणे आणि इतरांचे अधिकार ठरविणे. एका जागी दिलेला अधिकार खालच्या सर्व शाखांना आपोआप लागू होई. तो सर्वत्र लिहून ठेवलेला नसे; मागणीच्या वेळी वरून खाली मोजला जाई. मध्येच तो अडवावयाचा तर गाळणी बसविता येई. आणखी एक सूक्ष्म सोय होती. दूरच्या एखाद्या आतल्या फोल्डरावर अधिकार असलेल्या माणसास तेथपर्यंतची वाट दिसे. वाटेवरची इतर दारे मात्र दिसत नसत.

युनिक्सच्या मूळ व्यवस्थेत मालक, गट आणि इतर असे तीनच वर्ग, आणि वाचणे, लिहिणे, चालविणे अशा तीनच क्रिया. फाइल खोडण्याचा वेगळा अधिकार तेथे नाही. ज्या डिरेक्टरीत फाइल आहे तीत लिहिता येत असेल, तर ती खोडताही येते. विंडोजची व्यवस्था विस्तृत, पण तिचा स्वभाव निराळा. वरचे अधिकार खालच्या प्रत्येक फाइलीवर उतरवून ठेवले जातात, आणि अनुमतीबरोबर स्पष्ट निषेधही नोंदविता येतो. नेटवेअरमध्ये फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात नेली की नव्या जागेचे वारसाहक्क तिला लागत. विंडोजमध्ये त्याच साठ्यात हलविलेली फाइल पुष्कळदा जुने अधिकार पाठीवर घेऊन जाते.

यावरून असे दिसते की, ज्यांची नावे सारखी आहेत अशा अधिकारांचेही अर्थ सारखे नसतात. ‘लेखन’ हा शब्द तिन्ही व्यवस्थांत आहे, पण त्याची व्याप्ती तिन्हींत वेगळी आहे. भाषांतरकाराने शब्दास शब्द ठेवला आणि अर्थ हरवला, अशी अवस्था येथे होते. फरक एवढाच की, साहित्यातील असा प्रमाद वाचकाच्या रसास बाधतो. येथील प्रमादाने वेतनपत्रके किंवा रुग्णांचे कागद भलत्याच माणसापुढे उघडे पडू शकतात, किंवा ज्याला हवेत त्याला मिळेनासे होतात.

लिनक्सवरील नव्या घरात हा प्रश्न दोन प्रकारे हाताळला गेला. एन.एस.एस. मध्ये नॉव्हेलचे अधिकार स्वतः फाइल-रचनाच पाळी. त्यामुळे कोणत्याही बोलीत मागणी आली तरी नियम एकच राही. लिनक्सच्या स्वतःच्या फाइल-रचनेवर मात्र हे अधिकार एका वेगळ्या नोंदीत ठेवलेले असत, आणि ते केवळ एन.सी.पी. चा सर्व्हर पाळी. दुसऱ्या शिष्टाचाराने आलेल्यास ती नोंद दिसतच नसे. एक दार राखणदाराचे, दुसरे दार मोकळे, असा हा प्रकार. पुढे एन.एफ.एस. च्या चौथ्या आवृत्तीने क्रमांकाऐवजी नावाने माणूस ओळखण्याची आणि विंडोजच्या धर्तीवरील अधिकारसूची ठेवण्याची सोय केली, तेव्हा दोन जुन्या परंपरा काहीशा जवळ आल्या.

७

अधिकारांइतकाच नाजूक विषय नावांचा. डॉसमध्ये फाइलीचे नाव आठ अक्षरे आणि पुढे तीन अक्षरे यांत बसवावे लागे. मॅकिंटॉश आणि युनिक्स यांत लांब नावे चालत. युनिक्समध्ये तर मोठे व लहान रोमन अक्षर यांत भेद मानला जाई. नेटवेअरने यावर जो उपाय काढला, तो नामकोशांचा. एकाच फाइलीस डॉसमधील एक नाव, मॅकमधील दुसरे, युनिक्समधील तिसरे, अशी समांतर नावे ठेवली जात. घरी एक, शाळेत एक आणि पत्रिकेत एक अशी नावे असलेल्या मुलास प्रत्येकाने आपल्या नावाने हाक मारावी, तसे हे होते.

या प्रश्नाचा मराठीशी साक्षात् संबंध आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे संकेतपान कधीच नव्हते. २००० सालच्या आवृत्तीपासून देवनागरी आली ती थेट युनिकोडच्या रूपाने. त्यामुळे युनिकोड न जाणणारा एखादा दुभाष्या मध्ये असला, तर मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. सांबाच्या २००३ मधील तिसऱ्या आवृत्तीत युनिकोड आले, तेव्हा हा अडथळा दूर झाला.

तरीही दोन अडचणी उरल्या, आणि त्या आजही स्थलांतर करणाऱ्यास भोवतात. पहिली लांबीची. विंडोजच्या एन.टी.एफ.एस. रचनेत नावाची मर्यादा २५५ संकेतघटकांची आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे एक घटक घेते. लिनक्सच्या ई.एक्स.टी.४ रचनेतही मर्यादा २५५ चीच, पण ती बाइटांची. आणि तेथे रूढ असलेल्या यू.टी.एफ.-८ लेखनात देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे ८५ चिन्हांनंतर जागा संपते. येथे काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. परिपत्रकाचा विषय, क्रमांक आणि तारीख यांसह लिहिलेले शंभर चिन्हांचे नाव एका घरात सुखाने राहते, आणि दुसऱ्या घराच्या दारातच अडते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म, आणि ती मराठीच्या खास अक्षराची आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येतो: ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह व हलन्त, किंवा साधा ‘र’, त्यास नुक्ता व हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यास तिन्ही सारखी. युनिकोडच्या नियमांनुसार पहिली दोन समतुल्य आहेत, तिसरे नाही. १९९८ मध्ये आलेली मॅकची एच.एफ.एस. प्लस ही रचना नावे विघटित रूपात ठेवी, तर विंडोज आणि लिनक्स यांच्या रूढ फाइल-रचना दिलेले रूप जसेच्या तसे ठेवतात. मध्यस्थाने रूप एकसारखे केले नाही, तर एकाच फोल्डरात ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतात. एकीत दुरुस्ती होते, दुसरी जुनीच राहते. नाव तेच दिसते, पण यंत्राच्या लेखी ते तेच नसते. लेखन आणि चिन्हांचा संकेत यांतील भेद विद्यार्थ्यांस शिकविण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

८

सहवास अटळ असला तरी तो निर्धोक नसतो. एकाच फाइलीकडे दोन शिष्टाचारांतून दोघे आले, तर एकाचे कुलूप दुसऱ्यास दिसावयास हवे. विंडोजच्या परंपरेत फाइल उघडतानाच ‘दुसऱ्यास लिहू देऊ नये’ असे सांगता येते, आणि सर्व्हर ते सक्तीने पाळतो. युनिक्सच्या परंपरेत कुलूप हे बहुधा सूचनावजा असते. ते विचारून पाहणाऱ्यासच लागू पडते. ही दोन कुलुपे परस्परांस कळविण्याची व्यवस्था नसेल, तर एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनाखाली गाडले जाते. ओपन एंटरप्राइझ सर्व्हरास या कारणासाठी निरनिराळ्या शिष्टाचारांतील कुलुपांचा मेळ घालणारी वेगळी व्यवस्था करावी लागली.

दुसरा धोका सहवास लांबण्याचा. एस.एम.बी. ची दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली; तरी जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी पहिली आवृत्ती सर्वत्र जिवंत ठेवली गेली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर कार्यक्रमाने विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीतील दोषाचा आधार घेतला, आणि तो अनेक देशांत पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज त्यामुळे विस्कळित झाले. दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. सहवासासाठी उघडे ठेवलेले दार काम संपल्यावर लावून घ्यावयाचे असते, हा धडा फार महाग पडला.

९

या इतिहासावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, फाइल-सेवेच्या स्थलांतरात फाइलींतील मजकूर हा सर्वांत सोपा भाग होय. नावे, अधिकार, ओळख आणि कुलुपे हे संकेत अवघड, कारण ते एका विशिष्ट शिष्टाचाराच्या व्याकरणात अर्थपूर्ण असतात. दुसरा निष्कर्ष असा की, सहवास हा स्थलांतराचा अपवाद नसून त्याची नित्याची अवस्था आहे. म्हणून त्याची मुदत, त्याचे नियम आणि त्याचा शेवट आधीच ठरविणे हे शहाणपणाचे. तिसरा निष्कर्ष शिष्टाचाराच्या मालकीविषयी आहे. ज्या बोलीत एखादी संस्था आपले कागद मागते, तिचे व्याकरण एका विक्रेत्याच्या पेटीत बंद असेल, तर त्या संस्थेस आपल्याच दप्तराची किल्ली दुसऱ्याजवळ ठेवावी लागते. सांबाने ते व्याकरण कानाने मिळविले, आणि न्यायालयीन निर्णयानंतर ते लिखित रूपात मिळाले; तेव्हा अनेक संस्थांस घर बदलण्याचे खरे स्वातंत्र्य लाभले.

नेटवेअरच्या बोलीचे पुढे काय झाले, हेही नोंदविणे योग्य होईल. नॉव्हेल २०११ मध्ये ॲटॅचमेटकडे, २०१४ मध्ये मायक्रो फोकसकडे, आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेली. एन.सी.पी. बोलणारा सर्व्हर ओपन एंटरप्राइझ सर्व्हरच्या रूपाने टिकून राहिला. परंतु लिनक्सच्या मुख्य गाभ्यातून आय.पी.एक्स. आणि एन.सी.पी. समजणारे भाग २०१८ साली काढून टाकण्यात आले, कारण त्यांची निगा राखणारे कोणी उरले नव्हते. मोडी लिपीत लिहिलेले रुमाल शाबूत आहेत, पण ते वाचणारे थोडे उरले आहेत, ही स्थिती मराठीच्या अभ्यासकास परिचित आहे. एखाद्या जुन्या सर्व्हराची डिस्क कपाटात सुरक्षित असेल. तिच्यावरील नावांना आणि अधिकारांना अर्थ देणारा वाचक मात्र त्याच कपाटात ठेवता येत नाही. म्हणून दप्तर हलविणाऱ्याने कागदांबरोबर संकेतांचीही यादी करावी, आणि जुने जाणणारा माणूस हयात व हाताशी असतानाच ती करावी.